बेबीताई मागून म्हणते

केनवडात कोणाच्या घरी नवी शिलाई मशीन आली, कोणाच्या सुनेनं माहेरी रडून फोन केला, कोणाच्या विहिरीत मोटर अडकली, हे आधी बेबीताईला कळतं आणि मग त्या घरच्यांना. तोंडावर लोक तिला चौकस म्हणतात, पाठीमागे नाकखुपशी म्हणतात. ते तिच्या कानावर आहेच, कारण तिच्या कानावर नाही असं गावात काय आहे? तिचं उत्तर ठरलेलं. "नाक हाय तं खुपसाच लागते ना बाप्पा!"

आणि गंमत बघा, अशा बाईच्या स्वतःच्या नवऱ्याच्या मनात दोन महिने एक गोष्ट अडकून पडली होती आणि ती काय, हे तिला कळत नव्हतं. त्याला ती लपवायची होती असंही नाही. त्याला सांगायची होती, पण सांगायला दम पुरत नव्हता.

नवरा म्हणजे इंद्रभान. वय त्रेसष्ट. सोयाबीन काढायचं मळणीयंत्र, ज्याला इकडे सगळे हडंबा म्हणतात, त्याच्यावर त्याने बावीस हंगाम काढले. त्या यंत्राच्या तोंडातून जो भुसा उडतो तो सगळा नाकातोंडात घेतला आणि वर बिडी ओढली. नको तेवढी ओढली, मी काही त्याची बाजू घेणार नाही. पण केनवडला तो हडंब्यावरचा माणूस म्हणून माहीत नाही. तो बौद्धाचार्य. लग्न लावायचं, नामकरण करायचं, पौर्णिमेला विहारात वंदना घ्यायची, हे तीस वर्षं त्याच्याकडे. लाइट गेली, भोंगा बंद पडला तरी मांडवातल्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला स्वच्छ ऐकू जाईल असा खणखणीत आवाज.

आधी सगळे दमाच समजत होते. मग रिसोडच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा दमा नव्हे, सीओपीडी, आणि चांगलाच पुढे गेलेला. फुप्फुसं सैल पडली आहेत. हवा आत जाते पण पुरती बाहेर निघत नाही, आणि जुनी हवाच भरून राहिली की नव्या हवेला जागा उरत नाही. बेबीताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे यस्टीवानी. उतरनारे उतरले नाई तं चढनारे चढतीन कसे?" डॉक्टर हसले. पंचवीस वर्षांत कोणी इतकं लवकर समजून घेतलं नव्हतं म्हणाले. बेबीताई तिसरी शिकलेली आहे.

श्रावणात त्याची तब्येत एकदम बिघडली. नांदेडला पोस्टात नोकरीला असलेला मुलगा, प्रसेनजित, रातोरात आला आणि बापाला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. अकरा दिवस अतिदक्षता विभागात, घशात नळी, मशीन श्वास देणार. बेबीताईला संध्याकाळी पाच मिनिटं काचेतून पाहू देत. बाकी वेळ ती जिन्यात बसून. त्याला झोपेचं औषध दिलंय, त्याला काही कळत नाहीये, असं तिला रोज सांगत होते. मग नळी निघाली आणि इंद्रभान घरी आला. सोबत ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात लावायची बारीक नळी आली, आणि बोटाला चिमटा लावून आकडा दाखवणारं ते इवलंसं यंत्र आलं. डॉक्टरांनी बजावलं की याच्यासाठी अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव आकडा पुरे, शंभर करायच्या नादात मशीन वाढवू नका, जास्त ऑक्सिजन याला उलटा त्रास देईल. यावर बेबीताईनं 'काहून' विचारून डॉक्टरांची पंधरा मिनिटं खाल्ली.

घर तिनं पुरतं बदलून टाकलं. सोयाबीन निघायला लागलं तशी दाराला ओली चादर बांधली. आंघोळीला स्टूल आणलं. फोडणीच्या ठसक्यानं त्याला खोकल्याची उबळ येते, म्हणून ही बाई भाजी चिरून शेजारच्या चतुराबाईच्या चुलीवर न्यायची, तिथे फोडणी द्यायची, आणि शिजलेली भाजी झाकून घरी आणायची. चतुराबाई ठसक्यानं शिंका देत म्हणायची, "बेबीताई, नवरा तुहा अन खोकला माह्या नशिबी!" पण एकही दिवस तिनं चूल नाकारली नाही.

हे सगळं जमलं. जमेना ते त्याचं बोलणं. घरी आल्यापासून तो रोज एकदा तरी सुरू करायचा, "बेबी, मले काय म्हनाचं हाय…" की दम तुटला. डोळे मोठे, खांदे वर, आणि आकडा धावत खाली. मग सगळे त्याच्यावर धावायचे. "बोलू नोका, बोलू नोका!"

आता आजाऱ्याला पाहायला येणाऱ्यांबद्दल मला एकदा बोलूनच घेऊ द्या. ही माणसं येतात, खुर्ची ओढतात, "बोलू नका भाऊ, पडून राहा" म्हणतात, आणि मग स्वतः दीड तास बोलतात. कोणाचा साडू याच आजारानं कसा गेला, ते पार तेराव्या दिवसाच्या जेवणापर्यंत. इंद्रभान ऐकायचा. तीस वर्षं ज्याच्या तोंडाकडे गाव पाहत होतं तो माणूस भिंतीकडे पाहत पडून राहायला लागला. काळजी म्हणून घर गप्प झालं, आणि त्या गप्पपणानं त्याचं जेवण तुटलं. बेबीताईला आजारापेक्षा त्याची भीती जास्त वाटू लागली. आणि भीतीच्या जोडीला ती तिची खाज होतीच. याला सांगायचं तरी काय आहे?

लिहून मागावं, तर वाफेच्या औषधानं त्याचा हात असा थरथरायचा की अक्षराला अक्षर लागत नव्हतं. दोन कागद फाडून त्याने पेन फेकला. मग तिने मान हलवायचा खेळ काढला.

"शेताचं हाय?"

मान नाही.

"प्रसेनचं?"

मान अर्धी हो, अर्धी नाही.

"आता अर्धी हो म्हंजे काय व माय! काई खावासं वाटते? कोनासंग भांडन झालतं?"

नाही. नाही. शेवटी तिने तीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न काढला. "दर हंगामाले तुमी मानोऱ्याकडं लग्न लावाले जात होते. दोन-दोन दिवस येत नोयते. तथी कोनी होती का? मी रागवनार नाई, फक्त सांगा."

इंद्रभान हसला. महिन्यानंतर पहिल्यांदा हसला, आणि हसण्याचा खोकला झाला, खोकल्यानं आकडा ब्याऐंशीवर आला. बेबीताईनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. असे तिने शंभर प्रश्न विचारले असतील. जो विचारायचा होता तो तिच्या मनात आला नाही, की आला आणि तिने येऊ दिला नाही, हे तिचं तिलाच ठाऊक.

मग अश्विन पौर्णिमा आली. इंद्रभाननं खुणेनं सांगितलं की वंदना घरी घ्यायची आणि मीच घेणार. बेबीताईनं खूप नाही म्हणून पाहिलं. विहारातले आठ-दहा जण संध्याकाळी आले. ऑक्सिजनजवळ जाळ नको आणि धूर तर नकोच, म्हणून मेणबत्ती नाही, अगरबत्ती नाही, नुसती पांढरी फुलं. इंद्रभान मांडी घालून बसला, नाकात नळी तशीच. बेबीताई त्याच्या बाजूला. सगळ्यांनी डोळे मिटले. बेबीताईनं मिटले नाहीत. तिने त्याच्या बोटाला हळूच चिमटा लावला आणि आकडा पाहत राहिली.

"बुद्धं सरणं गच्छामि," इंद्रभान म्हणाला. आवाज बारीक, पण स्वच्छ. सगळ्यांनी मागून म्हटलं. त्याने पुढची ओळ घेतली. एकोणनव्वद. सगळ्यांनी मागून म्हटलं. नव्वद. त्रिशरण झालं, पंचशील झालं, सगळं झालं, आणि आकडा नव्वदच्या आसपास बसून. बेबीताईचं वंदनेत लक्षच उरलं नाही. माणसं गेली, त्याने तिच्याकडे वळून म्हटलं, "बेबी, मले ते सांगाचं होतं का—" आणि झालं! चौऱ्याऐंशी. खांदे वर.

"हे काय गौडबंगाल हाय?" ती मोठ्यानंच म्हणाली.

चतुराबाई ओट्यावर होती. ती म्हणाली, "शब्दाईत ताकद हाय, बेबीताई." प्रसेनजित फोनवर म्हणाला, "माय, तसं काई नसते. यंत्र चुकलं असन." बेबीताईला दोन्ही पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याला बसवलं आणि सांगितलं, "तेच म्हना. पन एकटेच. मी गप." तिसऱ्या ओळीला त्याचा दम गेला. पंच्याऐंशी. ती भिंतीवरून ओरडली, "चतुराबाई! ताकद शब्दाईत असती तं एकट्यानं म्हनल्यावर कुठी गेली?"

मग बसण्याचा काही गुण आहे का ते पाहिलं. मांडी घालून साधं बोलायला लावलं. नाही. वेळेचा गुण? संध्याकाळी बोलायला लावलं. नाही. इंद्रभान वैतागला, पण त्यालाही आता आपल्याच छातीचं नवल वाटू लागलं होतं. रोज सकाळी तोच बोट पुढे करायचा. चौथ्या दिवशी बेबीताईनं किराण्याची यादी करायला घेतली आणि तिला ते सुचलं.

"यादी सांगा. वंदना घेता तशी. मी मागून म्हनतो."

"तुरीची डाळ," तो म्हणाला.

"तुरीची डाळ," ती म्हणाली.

"गूळ आदा किलो."

"गूळ आदा किलो."

"कपड्याचं साबन."

अशा अकरा वस्तू झाल्या. आकडा नव्वद! बेबीताईनं मांडीवर अशी थाप मारली की ऑक्सिजनची नळी निसटायची राहिली.

तर ती गोष्ट अशी होती. मागचे म्हणतात तेवढा वेळ पुढच्याला श्वास सोडायला आणि घ्यायला मिळतो. आणि तीस वर्षांची सवय, ओळ सांगितली की थांबायचं, लोकांचं होऊ द्यायचं, घाई करायची नाही. एरवी बोलताना मात्र त्याला घाई व्हायची. समोरचा मध्येच "बोलू नका" म्हणेल, उठून जाईल, या धास्तीनं तो सगळं एका दमात कोंबायचा आणि तिथेच गुदमरायचा. हे रिसोडच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, की थांबून थांबून बोला असं आम्ही सगळ्यांना सांगतो, पण थांबायचं कसं हे कोणाला शिकवता येत नाही. बेबीताई म्हणाली, "मंग पाठवा माह्याकडं."

त्या दिवसापासून त्या घरात नियम झाला. इंद्रभाननं तीन-चार शब्द बोलायचे, बेबीताईनं मागून म्हणायचे. शब्दाला शब्द. आणि त्याचं बघा, बोलायला मिळताच पहिलं काय बोलला?

"खिचडीत," तो म्हणाला.

"खिचडीत."

"मीठच नसते."

"मीठ न… आवं, डॉक्टरनं कमी सांगतलं हाय!"

इंद्रभान थांबला. हात थोडा वर धरून थांबला. ही त्याची मांडवातली सवय साऱ्या तालुक्याला माहीत. नवरदेव लाजून एखादी प्रतिज्ञा गिळायला गेला तर हा पाचशे माणसं ताटकळत ठेवील, पण ती ओळ नवरदेवाच्या तोंडून निघाल्याशिवाय पुढची घेणार नाही. बेबीताईला स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्या तोंडानं म्हणावी लागली. "मीठच नसते." मग तो पुढच्या तक्रारीवर गेला.

चतुराबाई पोट धरून हसली. रस्त्यानं जाणारी पोरं थांबून ऐकू लागली. प्रसेनजितला फोनवर बापाचं एकेक वाक्य दोनदा ऐकू यायचं, एकदा बापाच्या आवाजात, एकदा मायच्या. त्याला लाज वाटायची. "माय, लोकं काय म्हनतीन? शाळेवानी काय लावलं हे?" पण इंद्रभान जेवायला लागला. दोन घास वाढले. त्याने तिला लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, हडंब्यावर बोट जाता जाता वाचलं ते सांगितलं, मानोऱ्याकडे कोणी नव्हतं हेही सांगितलं, आणि ते मागून म्हणताना बेबीताई जरा लाजली.

"मंग ते दोन मयन्यापासून काय सांगाचं होतं?" तिने विचारलं.

"प्रसेन येऊ दे," तो म्हणाला.

"प्रसेन येऊ दे," ती म्हणाली, आणि मग चिडून, "काहून? मले एकटीले सांगाले काय होते?" पण त्याने मान फिरवली. पुढचे नऊ दिवस या बाईनं कसे काढले ते तिला विचारा. तिने स्वतः फोन करून मुलाला रजा टाकायला लावली.

प्रसेनजित रविवारी सकाळच्या बसनं आला. दिवाळीच्या सुमाराचं कोवळं ऊन अंगणात होतं. इंद्रभानला खुर्चीत बसवलं, मशीनची वायर दारातून बाहेर घेतली. मुलगा स्टुलावर बसला, बेबीताई खाली पोत्यावर.

"पुढच्या बारीले," इंद्रभान म्हणाला.

"पुढच्या बारीले," बेबीताई म्हणाली.

"दम लय लागला,"

"दम लय लागला,"

"तं मले अकोल्याले,"

"तं मले अकोल्याले,"

"नेऊ नका."

बेबीताई गप्प बसली.

इंद्रभाननं हात थोडा वर धरला. मशीनचा घरघर आवाज येत होता. बेबीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाई म्हननार मी. याच्यासाठी मागून म्हनून राह्यली का मी? तुमाले बोलता यावं म्हनून मरमर केली, आन तुमी हे बोलता? शरम नाई वाटत?"

प्रसेनजित उठून उभा राहिला. "बाबा, असं कसं? मी हाय ना. अकोला काय, नागपूरले नेईन."

इंद्रभान दोघांवरही रागावला नाही. हात तसाच ठेवून वाट पाहत राहिला. त्याचं बोलणं संपलेलं नव्हतं. त्याच्या तोंडावर ते दिसत होतं, आणि बेबीताईला त्याचं तोंड वाचता येतं. पुढे काहीतरी होतं. आणि ही ओळ तिच्या तोंडून निघाल्याशिवाय तो पुढचं सांगणार नव्हता, हेही तिला माहीत होतं. तिला ते वाक्य म्हणायचं नव्हतं. जीव गेला तरी म्हणायचं नव्हतं. पण त्याच्यामागे काय आहे हे न ऐकता तिला जगताही आलं नसतं.

"नेऊ नका," ती म्हणाली. मांडवातल्या नवरीसारखा आवाज निघाला.

इंद्रभाननं श्वास घेतला. "गळ्यात नळी नको."

"गळ्यात नळी नको."

"औषध द्या, हे मशीन लावा,"

"औषध द्या, हे मशीन लावा,"

"पन घरीच."

"पन घरीच."

हे सगळं नंतर रिसोडच्या डॉक्टरांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारून फाइलमध्ये लिहून घेतलं, घरी श्वास कोंडला तर कोणतं औषध द्यायचं तेही समजावलं. ते नंतरचं. त्या सकाळी प्रसेनजित फक्त म्हणाला, "पन काहून, बाबा?"

"तथी मी जागा होतो," इंद्रभान म्हणाला.

"तथी मी…" बेबीताई अडखळली. "जागा? ते तं रोज सांगत, कायी समजत नाई म्हनून!"

त्याने मान हलवली. हात वर.

"तथी मी जागा होतो," ती म्हणाली.

"सारा वखत नाई. पन होतो."

"सारा वखत नाई. पन होतो."

"सिस्टर म्हने,"

"सिस्टर म्हने,"

"याची बाई जिन्यातून हालत नाई."

बेबीताईनं पदर तोंडाला लावला आणि पदरातूनच ते म्हटलं.

"मी तुले हाका मारल्या."

"मी तुले हाका मारल्या."

"आवाज निघेना."

ते तिने म्हटलं आणि ती रडली. मोठ्यानं, भिंतीपलीकडे जाईल असं रडली. अकरा दिवस ती त्या जिन्यात स्वतःची समजूत घालत होती की आत त्याला काही कळत नाहीये, आणि आत तो तिला हाका मारत होता. इंद्रभान थांबून राहिला. त्याला थांबता येतं.

थोड्या वेळानं तिने नाक पुसलं, पोतं त्याच्या खुर्चीजवळ ओढलं आणि म्हणाली, "काय दिसे तुमाले तथून? कायी ठेवू नोका. सारं सांगा."

प्रसेनजित म्हणाला, "माय, कायले आता ते…"

"तू गप बस. सांगा हो."

"वरतं पांढरं छत," इंद्रभान म्हणाला.

"वरतं पांढरं छत."

"बाजूचा मानूस एका सकाळी नोयता."

"बाजूचा मानूस एका सकाळी नोयता."

"हात बांधेल होते."

"हात बांधेल होते."

"लय भेव लागे."

बेबीताईनं तोंड उघडलं. शब्द निघेना. तिने पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. इंद्रभाननं हात वर धरला होता आणि त्याचे खांदे वर चढायला लागले होते.

"लय भेव लागे," स्टुलावरून प्रसेनजित म्हणाला.

बापानं मुलाकडे पाहिलं, ओठ आवळून सावकाश श्वास सोडला, नवा घेतला आणि पुढचं सांगायला लागला.